ताप गेला, मनगट धरलेलंच: चिकुनगुनियानंतर सांध्यात नेमकं काय होतं?

बार्शीच्या माझ्या मावशीला चिकुनगुनिया झाला तेव्हा ताप चार दिवसांत उतरला. पाचव्या दिवशी ती ओट्याशी गेली, परातीत ज्वारीचं पीठ मळायला घेतलं आणि पहिल्याच गोळ्यावर थांबली. मनगट मागे वाकेना. भाकरी थापायला बोटांइतकंच मनगट लागतं, हे घरात सगळ्यांना त्या दिवशी कळलं.

"तापाचा अशक्तपणा आहे, आठ दिवसांत जाईल," असं शेजारणीपासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळ्यांनी सांगितलं. आठ दिवसांचे आठ महिने झाले. सकाळी सहाला तिची मूठ मिटत नसे. दहाच्या सुमारास हात सैल होत. दुपारी ती जवळपास पूर्वीसारखी वावरायची, आणि मग रात्री पुन्हा कण्हायला लागली की घरच्यांच्या चेहऱ्यावर उमटायचं, "दुपारी तर बरी होती की!"

त्या 'अशक्तपणा' शब्दाचा मला तेव्हापासून राग आहे. अशक्तपणाने माणूस सगळ्या अंगाने गळतो. तो नेमकी दोन्ही मनगटं, दोन्ही घोटे आणि बोटांची पेरं निवडून बसत नाही, आणि पहाटे वाढून दुपारी उतरत नाही. दुखणं इतकं शिस्तीत येत असेल तर सांध्याच्या आत काहीतरी चाललेलं असतं. ते काय, हे समजून घ्यायचं तर आधी या आजाराकडे आणि मग सांध्याच्या आत बघावं लागेल.

नावापासूनच घोळ आहे. चिकुनगुनियाचा चिकनशी काडीचा संबंध नाही. १९५२-५३ मध्ये आजच्या टांझानियातल्या माकोंडे पठारावर ही साथ आली, तिथल्या माकोंडे भाषेतला हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ साधारण 'वाकवून टाकणारा'. रोगी कमरेत वाकून चालायचे म्हणून. आपल्याकडे २००६ साली ही साथ पसरली त्याच वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता. त्यामुळे कोंबडी खाल्ल्याने सांधे धरतात अशी समजूत झाली त्यात नवल नाही. प्रत्यक्षात हा विषाणू एडिस डासाच्या चाव्यातून येतो. हाच डास डेंगीही पसरवतो, दिवसा चावतो आणि रांजण, पिंप, कूलर, टायर अशा साठलेल्या पाण्यात वाढतो.

महाराष्ट्रालाही तो २००६ साली नवा नव्हता. भारतात तो पहिल्यांदा १९६३ मध्ये कोलकात्यात सापडला, १९६५ मध्ये नागपुरात आला, आणि १९७३ मध्ये खुद्द बार्शीत त्याची मोठी साथ झाली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही), तिचा अभ्यास केला होता. मग तीसेक वर्षं तो जवळजवळ गायब झाला. २००५ च्या अखेरीस परतला तो वेगळ्या, आफ्रिकी वळणाचा होऊन. २००६ या एका वर्षात देशभरात तेरा लाखांहून जास्त संशयित रुग्णांची नोंद झाली. गावंच्या गावं खाटेला खिळली होती, हे त्या वर्षी मराठवाड्यात किंवा सोलापूर भागात असलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

आता सांध्याच्या आत जाऊ.

दोन हाडं जिथे भेटतात तिथे त्यांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते आणि भोवती एक पिशवी असते. त्या पिशवीला आतून एक नाजूक अस्तर असतं. त्याला सायनोव्हियम म्हणतात, आपण अस्तरच म्हणू. या लेखाची सगळी गोष्ट त्या अस्तराची आहे. निरोगी सांध्यात त्याचा वरचा थर जेमतेम एक ते तीन पेशींचा असतो. साईसुद्धा त्याच्यापुढे जाड वाटावी. पण काम मोठं. सांध्याचं वंगण तेच तयार करतं, आणि कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसल्यामुळे तिचं पोषणही या वंगणातूनच होतं.

मावशीचा उजवा गुडघा सुजला तेव्हा डॉक्टरांनी सुईने त्यातलं पाणी काढलं. मी शेजारी उभा होतो. सुईच्या टोकाचा थेंब त्यांनी दोन बोटांत धरला आणि बोटं लांब केली, अगदी लाडवाचा पाक बघावा तशी. म्हणाले, "चांगल्या सांध्याचं वंगण असतं ना, त्याची तार निघते. ही बघा, तुटली." खरोखरच पाण्यासारखं होतं ते. निरोगी गुडघ्यात हे वंगण चमचाभरही नसतं. इथे मोठी सिरिंज भरली. वंगणाला तार येते ती हायलुरोनिक आम्ल नावाच्या लांबलचक रेणूंमुळे. दाह सुरू झाला की रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून ते पातळ होतं, हे रेणू तुटतात, आणि पांढऱ्या पेशी आत शिरतात. एरवी एका घनमिलिमीटरमध्ये या पेशी दोनशेच्या आत असतात, दाहात त्या हजारांवर जातात.

अस्तरात मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी असतात. एक वंगण बनवणाऱ्या, ज्यांना फायब्रोब्लास्ट म्हणतात. दुसऱ्या झाडलोट करणाऱ्या भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज. विषाणूला दोन्ही उपयोगी पडतात, पण वेगवेगळ्या प्रकारे.

पेशीत शिरायचं तर विषाणूला तिच्या भिंतीवर धरायला काहीतरी लागतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी चिकुनगुनियाचा असा एक 'कडी-कोयंडा' शोधला, एमएक्सआरए-८ नावाचं प्रथिन. विषाणू सांध्याच्या अस्तरातल्या, स्नायूंतल्या, हाडाच्या आणि कूर्चेच्या पेशींमध्ये शिरताना हीच कडी वापरतो असं त्यांना दिसलं. म्हणजे अंग मोडून येणं, स्नायू ठणकणं, सांधे धरणं हा तापाचा दुष्परिणाम नव्हे. विषाणूचा मुक्कामच तिथे असतो.

पहिल्या आठवड्यातलं दुखणं असं सरळ आहे. विषाणू अस्तरात वाढतो, पेशी मरतात, मरताना आरडाओरडा करतात. हा आरडाओरडा रसायनांचा असतो. एमसीपी-१ नावाचं एक रसायन रक्तातल्या भक्षक पेशींना 'इकडे या' म्हणून बोलावतं. इंटरल्युकिन-६ हे दुसरं, त्याने ताप चढतो, सूज वाढते. आठवडाभरात शरीर प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला पकडणारी प्रथिनं (अँटीबॉडी), तयार करतं, रक्तातला विषाणू संपतो, ताप उतरतो. बहुतेकांची गोष्ट काही आठवड्यांत इथेच संपते. २००६ च्या साथीनंतर महाराष्ट्रातल्या एका खेड्यात दोन वर्षं केलेल्या पाहणीतही बहुसंख्य लोक बरे झालेले आढळले, दीर्घकाळ दुखणं मागे राहिलेले थोडेच होते. घाबरून जाऊ नये म्हणून हे आधी सांगितलं.

पण ज्यांचं दुखणं तीन महिन्यांपलीकडे जातं, त्यांचं काय?

हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला रेयुनियाँ नावाचं फ्रेंच बेट आहे. २००५-०६ मध्ये तिथल्या जवळपास पावणेआठ लाख लोकसंख्येपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना चिकुनगुनिया झाला. बेट लहान, आरोग्यव्यवस्था फ्रान्सची, त्यामुळे रुग्णांचा माग नीट ठेवता आला. या दुखण्याबद्दल आज जे माहीत आहे त्यातलं बरंचसं या बेटाने दिलेलं आहे. आजार होऊन दीड वर्ष लोटल्यावरही सांधे दुखणाऱ्या एका रुग्णाच्या अस्तराचा तुकडा तिथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला. २०१० मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

काय दिसलं? साईसारखं ते अस्तर थरावर थर चढून जाड झालेलं. त्यात नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या, जुन्या भिंतीवर वेल चढावा तशा. त्या रक्तवाहिन्यांभोवती भक्षक पेशींचा घोळका. आणि त्या भक्षक पेशींमध्ये विषाणूची जनुकीय सामग्री आणि त्याची प्रथिनं. दीड वर्षानंतर!

माकडांवरच्या प्रयोगातही त्याच वर्षी असंच चित्र दिसलं. रक्तातून विषाणू गेल्यावरही तो काही महिने भक्षक पेशींमध्ये सापडत राहिला. जिने कचरा गिळून पचवायचा, तीच पेशी तो पोटात घेऊन बसली होती.

यावर थोडं थांबायला हवं, कारण हे सहज पटण्यासारखं नाही. काही विषाणू आपल्या जनुकांचा धागा थेट आपल्या पेशीच्या डीएनएत शिवून टाकतात, एचआयव्ही त्यातला. ते जन्मभर राहणार हे उघड आहे. चिकुनगुनियाचा विषाणू तसा नाही. त्याची जनुकं आरएनए नावाच्या रेणूत लिहिलेली, जेमतेम बारा हजार अक्षरांची, डीएनएत न शिरणारी. असा पाहुणा आला की गोंधळ घालतो आणि जातो, असाच नियम. मग तो राहतो कसा? उंदरांवरच्या एका प्रयोगात थोडा धागा मिळाला. संसर्ग झालेल्या सगळ्याच पेशी मरत नाहीत. काही फायब्रोब्लास्ट आणि स्नायूंच्या पेशी संसर्ग झेलूनही जगतात आणि विषाणूची आरएनए बराच काळ बाळगतात. जिवंत विषाणू त्यातून बाहेर पडत नसला तरी हा उष्टा-खरकटा कचरा शरीराच्या पहारेकऱ्यांना जागं ठेवायला पुरतो.

आता दुसरी बाजू. कोलंबियात २०१४-१५ मध्ये चिकुनगुनियाची मोठी साथ आली. आजार होऊन पावणेदोन-दोन वर्षं झाल्यावरही सांधे दुखणाऱ्या ३८ रुग्णांच्या सांध्यांतलं पाणी तिथे तपासलं गेलं. आरएनए शोधली, प्रथिनं शोधली, विषाणू वाढवून पाहायचा प्रयत्न केला. काहीच सापडलं नाही. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि 'विषाणू सांध्यात लपून बसतो' या गोष्टीला मोठी खीळ बसली.

कोण खरं? माझ्या मते दोन्ही निरीक्षणं एकमेकांना खोटं पाडत नाहीत. एका ठिकाणी अस्तराचा तुकडा बघितला, दुसऱ्या ठिकाणी पाणी. भिंतीत मुरलेली ओल बादलीतल्या पाण्यात सापडत नाही. शिवाय एकाच रुग्णाच्या तुकड्यावरून सगळ्या जगाचा नियम काढणं धाडसाचंच. हेही शक्य आहे की काहींच्या बाबतीत विषाणू खरोखर गेलेला असतो, पण त्याने पेटवलेला दाह स्वतःच्या जोरावर चालू राहतो. उंदरांमध्ये सांध्याची सूज वाढवण्यात मोठा हात सीडी-४ नावाच्या टी-पेशींचा, म्हणजे आपल्याच सैनिकांचा, असल्याचं दिसलं आहे. चोर पळाला, पण गस्त घरातच ठाण मांडून बसली आणि सामान फोडतेय, असा प्रकार.

सामान फोडणं हे शब्दशः. जाड झालेल्या अस्तराला लागून हाड असतं. हाडात एरवी मोडतोड आणि बांधणी बरोबरीने चाललेली असते. दाहातली रसायनं, त्यातही इंटरल्युकिन-६ आणि रँक-लिगँड नावाचं प्रथिन, हा तोल मोडतोडीकडे झुकवतात. त्यामुळे थोड्या रुग्णांमध्ये हाडाच्या कडेला बारीक खड्डे पडतात. बहुसंख्यांना ते पडत नाहीत, आणि म्हणूनच एक्स-रे साफ येतो. 'एक्स-रेत काही नाही' याचा अर्थ 'सांध्यात काही नाही' असा होत नाही, एवढं तरी लक्षात ठेवा. एक्स-रेत हाड दिसतं, अस्तर दिसत नाही. ते बघायचं तर सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो.

स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या, म्हणजे स्नायूबंधांच्या भोवतीही असंच अस्तर असतं, म्यानासारखं. चिकुनगुनियात तेही सुजतं. मनगटात ही म्यानं एका चिंचोळ्या बोगद्यातून जातात आणि त्याच बोगद्यातून हाताची एक नसही जाते. म्यानं फुगली की नस दबते. रात्री हाताला मुंग्या येऊन झोपमोड होते ती यामुळे. मावशी पहाटे हात झटकत बसायची, आम्ही समजायचो बी-१२ कमी झालं असेल.

पहाटेच का वाढतं, याचंही उत्तर काहीसं इथेच आहे. रात्रभर हालचाल नसल्यामुळे सुजलेल्या अस्तरात पाणी साचून राहतं, आणि दाह शमवणारं शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल मध्यरात्री सगळ्यात कमी असतं. हात चालायला लागले की साचलेलं पाणी हलतं. मावशीची दुपार नाटकी नव्हती.

हे कुणाला जास्त छळतं, तर पंचेचाळिशीच्या पुढच्यांना, बायकांना, सुरुवातीचा आजार जोरात झालेल्यांना आणि ज्यांचे सांधे आधीच दुखरे आहेत त्यांना. जुन्या मोडलेल्या किंवा मुरगळलेल्या सांध्याला हा आजार बरोबर हुडकून काढतो. वीस वर्षांपूर्वी सायकलवरून पडलेल्या माणसाचा तोच घोटा धरतो.

सांध्यांशी वैर घेणारा विषाणू हा एकटाच नाही. ब प्रकारच्या काविळीत कधीकधी डोळे पिवळे व्हायच्या आधीच सांधे दुखतात. क प्रकारच्या काविळीचा विषाणू वर्षानुवर्षं यकृतात राहतो आणि प्रतिपिंडांच्या गुठळ्या रक्तात फिरून सांध्यांत अडकतात, पण तिथे हाड सहसा कुरतडलं जात नाही. जपानच्या क्यूशू बेटावर एचटीएलव्ही-१ नावाचा विषाणू बऱ्याच लोकांत आढळतो. तो मात्र टी-पेशींच्या डीएनएत कायमचा जाऊन बसतो, आणि काही रुग्णांमध्ये त्याच पेशी सांध्याच्या अस्तरात ठाण मांडतात. या विषाणूच्या जनुकांचा फक्त एक तुकडा उंदरांमध्ये घातला तरी त्यांचे सांधे सुजले. अख्खा विषाणू लागलाच नाही.

आणि शेळ्या. शेळीपालन करणाऱ्यांनी पुढच्या पायांचे गुडघे फुगलेली शेळी पाहिली असेल. त्याची कारणं अनेक असतात, पण त्यातलं एक म्हणजे शेळ्यांचा एक विषाणू, जो आईच्या चिकातून करडाला मिळतो. तो रक्तातल्या कोवळ्या पांढऱ्या पेशीत गुपचूप बसून सांध्यात येतो. तिथे ती पेशी मोठी होऊन भक्षक पेशी झाली की मगच तो वाढायला लागतो. माणसाच्या चिकुनगुनियाशी याचं नातं नाही, पण पुन्हा तीच भक्षक पेशी आणि पुन्हा तेच अस्तर. मला यात फार गंमत वाटते, शेळीला अर्थातच वाटत नसणार.

व्यवहारात मोठा पेच असतो तो 'हा आमवात तर नाही?' याचा. आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड. दोन्हींत बोटांचे छोटे सांधे, दोन्ही बाजू, सकाळचा ताठरपणा. आमवातासाठी करतात ती आरए फॅक्टर ही रक्ततपासणी चिकुनगुनियातही पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळे तेवढ्यावरून शिक्का मारणं चूक. अँटी-सीसीपी ही तपासणी जास्त उपयोगी, कारण ती चिकुनगुनियात सहसा निगेटिव्ह असते. तसंच आयजीएमचं. ही प्रतिपिंडं पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिसतात आणि पुढे कित्येक महिने राहू शकतात. चौथ्या महिन्यात आयजीएम पॉझिटिव्ह आलं म्हणून 'विषाणू अजून आहे' असं म्हणता येत नाही. विषाणू स्वतः शोधायची पीसीआर तपासणी पहिल्या आठवड्यातच कामाची.

उपचारांबद्दल थोडक्यात, कारण ते डॉक्टरांनीच ठरवायचे. ताप असताना पॅरासिटामॉल. डेंगी नाही हे कळेपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको, कारण डेंगीत रक्तस्रावाचा धोका असतो. विषाणूवर थेट औषध नाही. सुरुवातीलाच क्लोरोक्विन देऊन पुढचं दुखणं टळतं का, हे रेयुनियाँमध्ये तपासलं गेलं, टळलं नाही. तीन महिन्यांपलीकडे सूज टिकली तर संधिवाततज्ज्ञांना दाखवावं. तेव्हा मेथोट्रेक्सेटसारखी, दाह दाबणारी औषधं लागू शकतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून घरात वार लिहून ठेवावा. ती सुरू करण्याआधी ब आणि क काविळीची तपासणी करतात. त्या विषाणूंनीही सांधे दुखतात, ही औषधं यकृतावर ताण आणतात, आणि दबून बसलेली ब काविळ त्यांनी उठूही शकते.

एका गोष्टीची मात्र चीड येते. 'एक इंजेक्शन, दुसऱ्या दिवशी पळाल' अशी ख्याती असलेले डॉक्टर तालुक्या-तालुक्याला असतात. ते इंजेक्शन बहुधा स्टेरॉइडचं असतं. सूज खरंच उतरते, पण वारंवार घेतलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि थांबवलं की दुखणं दुप्पट उसळतं. मावशीने अशी तीन घेतली होती. संधिवाताच्या डॉक्टरांना हे तिने चौथ्या भेटीत सांगितलं, तेही मी डोळे वटारल्यावर.

तिला बरं वाटायला सव्वा वर्ष लागलं. मधल्या काळात ती भाकरी पोळपाटावर लाटायची आणि कुणी आलं की पोळपाट बाजूला सरकवायची, कारण बार्शीत लाटलेली भाकरी म्हणजे लाजच. डॉक्टरांना तिने एकदा थेट विचारलं होतं, "मग तो विषाणू गेला का आहे?" ते म्हणाले, "मावशी, गेला असावा. त्याचं भांडण राहिलंय."

आता ती थापते. पहिल्या दोन भाकऱ्या मात्र अजून सुनेला करायला लावते, मनगट सैल होईपर्यंत.